चुकलेला डोस आधी सांगायचा

गाठ पहिल्यांदा हाताला लागली ती दाढी करताना. मानेच्या डाव्या बाजूला, जबड्याखाली, बोराएवढी. दुखत नव्हती. मी दाढी पूर्ण केली, शर्टाचं वरचं बटण लावलं आणि ऑफिसच्या बसला गेलो. त्यानंतर सात महिने मी ते वरचं बटण लावत राहिलो.

हे लिहितोय ते माझ्यासारख्यांसाठी, ज्यांच्या अंगात काहीतरी वाढतंय आणि जे कोणाला सांगत नाहीत. औषधांची नावं यात सापडणार नाहीत, ती तुमचे डॉक्टर सांगतील. मला माझ्या आजारपणाबरोबर आणखी एक गोष्ट सांगायची आहे, कारण एकीशिवाय दुसरी सांगता येत नाही. ती सांगताना मी चांगला दिसणार नाही. पण त्या दिवसांत माझ्याभोवती जी माणसं होती, ती किती चांगली होती हे कुठेतरी लिहून ठेवायला हवं.

वही

माझं नाव विनय, वय चोपन्न. वडील अमरावतीकडून रेल्वेच्या नोकरीत रायपूरला आले आणि इथेच मातीत गेले. आम्ही मराठी ख्रिस्ती. आमच्या चर्चच्या मंडळीत मराठी घरं चार-पाच, उपासना हिंदीत होते. मी सरकारी कार्यालयात बाबू आहे. नवं राज्य झालं, रायपूर राजधानी झालं, आणि काही वर्षांनी आमचं कार्यालय नवा रायपूरला हललं. तेलीबांध्याच्या तळ्यापाशी बस पकडायची, आणि मग अर्धा-पाऊण तास दोन्ही बाजूंना माळरान, मधूनच अर्धवट उभी इमारत आणि कोणीच चालत नाही असे सहापदरी रस्ते. बसमधली सगळी माणसं प्लॉटविषयी बोलायची. मी खिडकीशी बसून वहीत लिहायचो.

त्या वहीत जगाच्या शेवटाच्या खुणा होत्या. मंडळीतल्या आम्हा सात-आठ जणांचा एक अभ्यासगट होता. आम्ही बातम्या कापायचो, भूकंप, लढाया आणि दुष्काळ मांडायचो, त्यांचे तक्ते करायचो. तो दिवस कोणालाच ठाऊक नाही, असं शास्त्र सांगतं, ते आम्हालाही पाठ होतं. तरी दिवस नाही तर निदान वर्षं किती, एवढं तरी काढू, असं आम्हाला वाटायचं. गटातली माणसं वाईट नव्हती. त्यांची प्रार्थना खरी होती. माझी किती खरी होती, ते पुढे कळेल.

प्रभू पुन्हा येणार, यावर माझा तेव्हा विश्वास होता आणि आजही आहे. पण तेव्हा मला वाटायचं की तो माझ्या गाठीच्या आधी येणार. डॉक्टरकडे जाणं म्हणजे आपला विश्वास कमी आहे, असं कबूल करणं. म्हणून बटण.

बटण निघालं

सप्टेंबरमध्ये संध्याकाळचा ताप सुरू झाला. उशी घामानं भिजायची. कमरेचा पट्टा दोन भोकं आत गेला. माझी बायको सुषमा एका रविवारी उपासनेला निघताना माझ्यासमोर उभी राहिली.

"एवढ्या उकाड्यात वरचं बटन लावून काहून फिरून राहिले तुम्ही?"

"सवय आहे."

"तीस वर्षांत नव्हती ही सवय." तिनं स्वतःच बटण काढलं. बोटं मानेवर ठेवली. आता तिथे एक नाही, तीन गाठी होत्या. तिनं त्या एकेक चाचपल्या. मग म्हणाली, "किती दिवस झाले?"

"झाले थोडे."

"थोडे म्हंजे?"

मी सात महिने म्हटलं. ती पलंगावर बसली. तिचा आवाज चढला नाही, तो चढला असता तर बरं झालं असतं.

"तुमच्या प्रभूले यायची घाई नव्हती हो," ती म्हणाली. "तुमालेच होती."

त्या दिवशी आम्ही दोघंही उपासनेला गेलो नाही.

रिपोर्ट

गाठीचा तुकडा तपासायला दिला, तो तेलीबांध्याच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये. त्या लॅबच्या काउंटरवर माझी एकुलती एक मुलगी नेहा काम करते. पेशंटचं नाव लिहायचं, नळीवर चिठ्ठी डकवायची, रिपोर्ट पाकिटात घालून द्यायचा. नेहाला नर्स व्हायचं होतं. ती का झाली नाही, याचं एक कारण घरात सगळ्यांना ठाऊक होतं, आणि खरं कारण फक्त मला.

चौथ्या दिवशी भर दुपारी ती घरी आली. एरवी सातशिवाय येत नाही. चप्पल काढता काढता म्हणाली, "पापा, कपड़े बदल लो. डॉक्टर के पास चलते हैं."

आमची मुलगी मराठी सगळी समजते, पण उत्तर हिंदीत देते. लहानपणापासूनच.

"रिपोर्ट आला का?"

"आया है. मेरे हाथ में ही आया." पाकीट तिच्या डब्याच्या पिशवीत होतं. "मैंने पढ़ लिया. इलाज है इसका. पहले वो सुन लो, फिर बाकी."

सत्तावीस वर्षांची मुलगी. बापाचा कॅन्सरचा कागद प्रिंटरमधून स्वतःच्या हातानं काढला, त्यावर शिक्का मारला, रजेचा अर्ज लिहिला, स्कूटी चालवत घरी आली, आणि पहिलं वाक्य बोलली ते इलाजाचं. मला मोठी भीती वाटली होती. पण त्या भीतीच्या खाली दुसरंच काहीतरी हललं. ही नर्सच आहे, असं मनात आलं. आणि मी मान खाली घातली.

डॉक्टर तरुण होते, थकलेले दिसत होते. म्हणाले, लसिकाग्रंथींचा कॅन्सर आहे, औषधाला दाद देणारा आहे, दर एकवीस दिवसांनी केमो, असे सहा. मग त्यांनी विचारलं, "इतने दिन क्यों रुके?" माझ्याकडे उत्तर होतं. त्या खोलीत सांगता येण्यासारखं नव्हतं.

खुर्ची नंबर चार

केमोसाठी पलंग नसतो. रेक्झिनच्या दहा लांब खुर्च्या, प्रत्येकीशेजारी सलाईनचा दांडा. माझी चौथी. सकाळी आठला रक्त द्यायचं, दहाला रिपोर्ट, अकराला सुई. मग चार-पाच तास थेंब मोजायचे. दुसऱ्या खेपेपासून दारातून आत शिरतानाच औषधांचा वास यायचा आणि मी रुमाल नाकाला लावायचो. तिसऱ्या आठवड्यात केस गेले. जिभेवर सतत किल्ली ठेवल्यासारखी चव.

लहान लहान उपकार मात्र पुष्कळ झाले. एका सिस्टरला माझी नस पहिल्याच टोचणीत सापडायची, ती ड्युटीवर दिसली की मी मनातल्या मनात देवाची स्तुती करायचो. कोणीतरी सांगितलं, औषध जाताना बर्फाचा खडा चघळा, तोंड येत नाही. आणि शेजारच्या खुर्चीवर अभनपूरकडच्या एक म्हाताऱ्या बाई असायच्या. मी तोंड पाडून बसलो की दांड्यापलीकडून म्हणायच्या, "बने हो जाही, बाबू." बरं होईल, असं. मी विचारायचो, "सच में?" त्या होकार द्यायच्या, "हव." एवढंच. पुढे काही नाही. माझ्या दहा वर्षांच्या तक्त्यांपेक्षा त्या एका "हव"मध्ये जास्त आशा होती.

पण खुर्चीवर एक अडचण असते. तिथून पळता येत नाही. हातात सुई असते आणि डोक्यात जे आहे ते समोर येऊन बसतं. माझ्या समोर वही येऊन बसायची. घरच्या लोखंडी कपाटात, वरच्या कप्प्यात, माझ्या जुन्या स्वेटरखाली. मी मेलो तर सुषमा कपाट आवरेल. वही उघडेल. त्यात नेहाचा फॉर्म सापडेल.

फॉर्म

नऊ वर्षांपूर्वी नेहा बारावी झाली. नागपूरच्या एका नर्सिंग कॉलेजचा फॉर्म तिनं भरला. चार वर्षांचा कोर्स, हॉस्टेल. आपल्या हातानं फोटो चिकटवला, दोन वेण्या घातलेला. माझी सही हवी होती आणि फॉर्म डाकेनं पाठवायचा होता. मी म्हटलं, दे, ऑफिसच्या वाटेवर टाकतो.

बसमध्ये मी तो वहीत ठेवला. त्याच आठवड्यात गटात आम्ही हिशोब केला होता की फार तर दोन-तीन वर्षं. चार वर्षांचा कोर्स पूर्ण तरी होणार आहे का? प्रभू येईल तेव्हा पोरगी नागपूरला आणि आम्ही इथे? मी सही केली नाही. टाकलाही नाही. घरी सांगितलं, टाकला. पुढे कॉलेजकडून काहीच आलं नाही तेव्हा म्हणालो, त्यांचं पत्र डाकेत गहाळ झालं असेल. तोवर प्रवेश संपले होते, आणि पुढे ती लॅबमध्ये लागली.

हे सगळं विश्वासापोटी केलं, असं मी स्वतःला सांगत आलो. खुर्ची नंबर चारवर ते खोटं टिकलं नाही. खरं असं होतं की मला माझी एकुलती पोर दूर जायला नको होती, आणि ते तोंडावर सांगायची हिंमत नव्हती. म्हणून मी प्रभूचं येणं मधे उभं केलं. पापं पुष्कळ केली असतील, पण एवढं मोठं हेच.

रत्नाआत्या

आता रत्नाआत्याविषयी. माझ्या वडिलांची धाकटी बहीण, वय एकोणऐंशी. लग्न केलं नाही. चाळीस वर्षं मिशनच्या एका इस्पितळात नर्स होती. आता पुरानी बस्तीच्या बाजूला दोन खोल्यांत एकटी राहते. रोज सकाळी सहाला अंघोळ, पांढरी सुती साडी, केस चापून बांधलेले, अंथरूण दवाखान्यातल्यासारखं कोपरे दाबून घातलेलं. गल्लीतल्या बाया थट्टा करतात, "आजी, कहां जाना है सबेरे सबेरे?" ती सांगते, "कहीं नहीं. कोई आने वाला है."

आमच्या गटानं एकदा तिला बोलावलं होतं. तिनं तक्ते पाहिले, चष्मा पुसला आणि म्हणाली, "लय मेहनत केली रे पोट्ट्याहो." मग चहा पिऊन निघून गेली. तेव्हा मला तिची कीव आली होती. म्हातारीला खोल विषय झेपत नाहीत, असं वाटलं होतं.

दुसऱ्या केमोच्या वेळी सुषमाला बरं नव्हतं, म्हणून आत्या ई-रिक्शानं आली. हातात पेजेचा डबा. आल्या आल्या तिनं सलाईनच्या थेंबांकडे पाहिलं, मग माझ्या नखांकडे, मग बसली. तरुण सिस्टरनं ते पाहिलं आणि विचारलं, "अम्मा, आप भी नर्स थीं क्या?" आत्या म्हणाली, "थीं नहीं, हूँ. बस तनखा बंद है."

त्या दुपारी मी तिला सगळं सांगितलं. माफीसाठी नाही. मला तिच्याकडून एक काम हवं होतं.

"आत्या, कपाटाची किल्ली देतो. वही काढ आणि चुलीत घाल. कोणाला काही कळायला नको."

ती बराच वेळ डब्याचं झाकण लावत होती. मग म्हणाली, "विनू, आमच्या वॉर्डात चार्ज कसा देत होते, ठाऊक आहे तुले?"

"नाही."

"पुढची सिस्टर आली की तिच्यासंगं खाटेखाटेनं फिरायचं. अन् पहिले काय सांगायचं? चांगलं काय झालं थे नाही. चुकलेला डोस पहिले सांगायचा. कोनाचं काय राह्यलं, कोनाले काय चुकीचं गेलं. थे झालं की मंग बाकी."

"आणि नाही सांगितलं तर?"

"तर तिले कसं कळन? ती आपली पुढचा डोस देत जाईन. पेशंट तिच्या हातात जाईन, अन् चूक तुही." तिनं माझ्या पायावरची चादर सरळ केली. "एकदा माह्याच हातून एका बाळंतिणीचं इंजेक्शन राह्यलं. मेट्रन लय कडक. सांगाले जीभ उचलत नव्हती. सांगतलं. तिनं सगळ्याइच्या समोर माह्या अंगावर फाइल फेकली. पण बाई घरी गेली, लेकरू घेऊन."

तिनं डबा पिशवीत ठेवला.

"प्रभू येनार म्हंतेस ना तू?"

"येणारच."

"मलेही त्याचीच वाट आहे. तुह्यापेक्षा जास्त दिवसांची." ती हसली. "पन आला म्हंजे त्याले चार्ज काय देशीन? वही?"

एवढी वर्षं मी वाट पाहणं म्हणजे रस्त्याकडे डोळे लावून बसणं समजत होतो. ही बाई वाट पाहत होती ती वॉर्डात काम करत, हात स्वच्छ धुऊन, कोणत्याही क्षणी सांगता येईल असं सगळं ठेवून. तिला तारखेची गरजच नव्हती. मला हेवा वाटला. इतका की रडू आलं, आणि औषधामुळे रडतोय असं सिस्टरला सांगावं लागलं.

चार्ज

तिसऱ्या केमोला नेहा आली होती. डिसेंबरचा पहिला आठवडा. मी ठरवलं होतं की बाटली अर्धी झाली की सांगायचं. अर्धी झाली. पाव उरली. मग सांगितलं.

"नेहा, तुझा नागपूरचा फॉर्म मी टाकलाच नव्हता."

ती मोबाइलवर काहीतरी पाहत होती. "कौन सा फॉर्म?" म्हणाली, आणि मग तिचं बोट थांबलं.

मी सगळं सांगितलं. गट, हिशोब, आणि ते सगळं निमित्त होतं हेही. तिनं मधे एकच प्रश्न विचारला.

"अभी कहाँ है?"

"वहीत. कपाटात."

"मतलब नौ साल से घर में ही था."

"हो."

ती उठली. मला वाटलं आता जाईल. बाटलीत बोटभर औषध उरलं होतं. ती दांड्यापाशी उभी राहिली, पाठ माझ्याकडे, आणि शेवटचा थेंब पडेपर्यंत बाटलीकडे पाहत राहिली. मग सिस्टरला हाक मारली. सुई निघाली, तिनं कापूस दाबून धरला, रिक्शा बोलावली, मला घरी सोडलं. मग स्कूटी काढून रत्नाआत्याकडे गेली आणि दोन दिवस तिथेच राहिली.

सुषमाला त्या संध्याकाळी सांगितलं. ती मटार सोलत होती. ऐकून झाल्यावर शेंगा बाजूला ठेवल्या.

"नऊ वर्षं," ती म्हणाली, "नऊ वर्षं मी त्या पोस्टमन भैयाले नाताळचं ताट नाही दिलं. पोरीचं पत्र हरवलं म्हनून. समोरून गेला तर तोंड फिरवत होती मी."

नाताळात तिनं घरभर माझं आजारपण असताना करंज्या तळल्या, अनारसे केले, आणि ताट माझ्या हातात दिलं. "मी नाही जानार. तुमी जा."

मास्क, कानटोपी, भुवयासुद्धा नसलेला चेहरा. पोस्टमन भैया पलीकडच्या वस्तीत राहतात, आता निवृत्त आहेत. मी दारात उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. त्यांनी ताटावरचा रुमाल उचलून पाहिलं.

"अरे बाबूजी," ते म्हणाले, "हम तो समझे थे आप लोगों ने मीठा बनाना ही छोड़ दिया." मग माझा हात धरून आत नेलं, बसवलं, आणि गरम पाणी दिलं. काही चूक नसताना ज्या माणसाला नऊ वर्षं दोषी ठरवलं, तो मला विचारत होता की थंडीत कशाला बाहेर पडलात.

ताप

नेहा घरी परत आली, पण माझ्याशी बोलणं बंद. चौथ्या आणि पाचव्या केमोला आली नाही, सुषमा आली. औषधांच्या डबीत रोज सकाळी गोळ्या मात्र बरोबर भरलेल्या असायच्या. मी झोपेत असताना कोणीतरी कपाळाला हात लावून जायचं.

पाचव्या केमोनंतर नवव्या दिवशी मला हुडहुडी भरली. नेहा लॅबला निघाली होती. तिनं थर्मामीटर लावला, पाहिला, आणि आईला म्हणाली, "रुकना नहीं है. इस टाइम के बुखार में रुकते नहीं." अर्ध्या तासात मी दवाखान्यात होतो. डॉक्टर म्हणाले, अंगात लढायला पांढऱ्या पेशीच उरल्या नव्हत्या, संध्याकाळपर्यंत थांबला असता तर कठीण होतं. सहा दिवस मी तिथे होतो. ती रोज आली. बोलली नाही.

तिसऱ्या दिवशी पाहिलं तर तिच्या हातात माझी वही. फॉर्म तिनं कधीच काढून घेतला होता. माझे तक्ते तसेच होते, भूकंप, लढाया, बाण, वर्तुळं. ती पानं संपली तिथून पुढे, कोऱ्या पानांवर, तिनं रेघा मारल्या होत्या. वेळ, ताप, नाडी, पाणी किती, लघवी किती. दर दोन तासांची नोंद. अक्षर स्वच्छ, खाडाखोड नाही.

त्या वहीत पहिल्यांदाच कोणीतरी जागं राहून काही लिहिलं होतं.

चुना

सहावा केमो झाला. मार्चच्या अखेरीस स्कॅन केला, तो स्वच्छ निघाला. डॉक्टरांनी सांगितलं, दर तीन महिन्यांनी दाखवा, पाच वर्षं. पुढचं कोणी लिहून देत नाही. मीही मागितलं नाही.

आमच्यात पुनरुत्थानाच्या रविवारी पहाटे मेणबत्त्या घेऊन कबरस्तानात गाणी म्हणत जातात. त्याच्या आदल्या दिवशी जो तो आपापल्या माणसांच्या कबरी साफ करून चुना लावतो. आमच्या कबरींची पायाची बाजू पूर्वेला असते, उठतील तेव्हा येणाऱ्याकडे तोंड असावं म्हणून. माझ्या आईवडिलांच्या कबरींना रत्नाआत्याच चुना लावते, तीस वर्षं. तीन दिवस आधी कळीचा चुना भिजवते, त्यात चिमूटभर नीळ घालते. अभ्यासगटाच्या काळात मला हे बायकी काम वाटायचं. मी कधी गेलो नव्हतो.

या वर्षी गेलो. कडेला एका दगडावर बसलो, कारण अजून फार वेळ उभं राहवत नव्हतं. आत्या आली ती नेहाच्या स्कूटीवर मागे बसून, आणि चुन्याची बादली नेहाच्या दोन पायांच्या मधे. आत्यानं पदर खोचला, माझ्या वडिलांच्या कबरीवरचा पाला झाडला.

"उठल्या उठल्या दादाले घर मळकं नको दिसाले," ती म्हणाली. "पहिलेच तापट मानूस."

नेहा हसली. खूप दिवसांनी तिचं हसणं ऐकलं. आत्यानं दोन हात मारले आणि कंबर धरून खाली बसली. मग कुंचा नेहासमोर धरला. "घे वं. आता तुही पाळी."

नेहा गुडघ्यावर बसून काम करू लागली. वरपासून खाली, एका ओळीत, ओघळ न येऊ देता. मी जवळ गेलो. तिनं वर न पाहता म्हटलं, "मास्क ऊपर करो, पापा. चूना उड़ता है."

चार महिन्यांनी "पापा" ऐकलं. मी मास्क वर केला. उभाच राहिलो. तिनं एक बाजू संपवली, कुंचा बादलीत बुडवला आणि कडेवर निथळत ठेवला.

"माफ नहीं किया है मैंने," ती म्हणाली. "आपको झूठ नहीं बोलूँगी. कर रही हूँ. हो नहीं रहा जल्दी."

आत्या दुसरीकडे पाहत होती, तिला ऐकू येत असूनही.

माझ्या ओठांवर एक शब्द आला. कधी. दहा वर्षं तोच शब्द मी देवाला विचारत होतो, वहीत, बसमध्ये, गटात, आणि आता तो पोरीसमोर बाहेर पडू पाहत होता. किती दिवस लागतील, नाताळपर्यंत होईल का, मी असेन का तोवर.

विचारला नाही.

"बरं," एवढंच म्हणालो, आणि तिच्या शेजारी खाली बसलो. बादलीत काठी होती. चुना लगेच तळाला बसतो, वर नुसतं पाणी राहतं, म्हणून लावणारा लावत असताना दुसऱ्या कोणाला तरी तो ढवळत राहावं लागतं. मी काठी हातात घेतली. तिनं कुंचा पुढे केला, आणि पूर्वेकडची बाजू घ्यायला सरकली.